वजनदार माणसाचे टायर

अमेरिकेत पिकअप ट्रक घ्यायला कारण लागत नाही. टेक्ससमध्ये तर तो न घेण्याचं कारण द्यावं लागतं. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून या देशातला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोच्या बाजूला फिरलं की वाटतं, तेव्हापासून विकले गेलेले सगळे ट्रक इथेच राहायला आले आहेत. प्रत्येकाला मागे ऐसपैस हौदा असतो. हौद्यात बहुधा वारा असतो.

आमच्या भाऊजींच्या हौद्यातही बरीच वर्षं वाराच होता. अधूनमधून तांदळाची गोणी, पण ती मागच्या सीटवरही मावली असती. ‘‘वारा वाहून न्यायला एवढं धूड कशाला?’’ असं ताईने एकदा विचारलं, आणि त्यावरचं उत्तर म्हणून भाऊजींनी २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. नवऱ्याला प्रश्न विचारण्याआधी बायकोने उत्तराची लांबी मोजून घ्यावी, ती अशी.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, टेक्सनचं ट्रकच्या पाठीमागे. या बिऱ्हाडात पलंग, शेगडी, फ्रीज, आणि कोणत्या दिशेला तोंड करायचं ते ठरवूनच आत शिरावं असं न्हाणीघर असतं. असे बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि आसपास बनतात. ते दिसायला हलके असतात, आणि विकणारा माणूस त्यांना ‘लाइट’ असंच म्हणतो. शिवाय ते दारात उभे करायला इथल्या घरमालकांच्या सोसायट्यांची बंदी असते. त्यामुळे हजारो डॉलरचं ते सुख गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात उन्हात तापत पडतं.

पहिल्याच फेरीत हायवेवर शेजारून अठरा चाकी ट्रक गेला आणि ट्रेलरने अशी काही झोकांडी घेतली, की मागे बसलेली मुलं हेडफोन काढून आईबापांकडे बघू लागली. ही घटना त्या घरात एरवी घडत नाही. घरी पोहोचताच भाऊजींनी निदान केलं, ‘‘टायर बदलायला हवेत.’’

इथे एक मानवी स्वभाव नोंदवून ठेवतो. गाडी डुलायला लागली की दोष देण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात : वेग, वारा, भरलेलं सामान, चालवणारा. यातली विकत घेऊन बदलता येणारी वस्तू एकच.

भाऊजी सांगलीकडचे, त्यातून इंजिनिअर. वस्तू घेण्याआधी तिचा अभ्यास करणं हे त्यांच्यासाठी वस्तूपेक्षा सुखाचं. ते टॉर्च घेऊन चालू टायरसमोर उकिडवे बसले आणि टायरच्या बाजूवर कोरलेलं वाचू लागले. पी २७५/६५ आर १८, ११६ टी. हे गणित मोठं सर्वधर्मसमभावी आहे. २७५ ही रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे उंची, ती रुंदीच्या टक्क्यांत. १८ हा रिमचा व्यास, तो इंचांत. हवा पौंडांत. म्हणजे फ्रान्स आणि इंग्लंडचं जे आयुष्यात जमलं नाही, ते एका रबरी कड्यावर गुण्यागोविंदाने नांदतंय. आर म्हणजे रेडियल. टी म्हणजे हा टायर ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल, आणि ११६ हा भारांक म्हणजे तो १२५० किलो पेलेल. पुढचा ‘पी’ मात्र पॅसेंजरचा. असा टायर मोटारीऐवजी पिकअपला लावला, की नियमाप्रमाणे त्याच्या ताकदीला १.१ ने भागायचं. राहिले ११३६ किलो.

‘‘बघ!’’ भाऊजी म्हणाले. ‘‘आपण ट्रकला मोटारीचे टायर लावून फिरतोय.’’ त्यांच्या आवाजात असा धक्का होता, की जणू वरातीच्या घोड्याला कुणी पायमोजे घातले.

मग सल्लागार आले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत भाऊजींनी विषय काढला आणि आरतीपर्यंत रांग हलली नाही. एकदा चिखलात रुतलेला माणूस आयुष्यभर चिखलाचेच टायर सुचवतो. कोलोरॅडोच्या बर्फात घसरलेला गृहस्थ टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असल्याशिवाय हात लावू नका म्हणतो, मग तुम्ही डॅलसला का राहीनात. ज्याचा टायर कधीच फुटला नाही, तो सर्वांत स्वस्त टायरची शिफारस करतो आणि स्वतःच्या नशिबाला अभ्यास समजतो. सल्ला देणारे तुमच्या ट्रकबद्दल बोलत नसतात, आपापल्या रस्त्यांबद्दल बोलत असतात. आणि एकानेही विचारलं नाही की वजन किती आहे.

टायरच्या दुकानात मी सोबत गेलो होतो. भिंतीवर तीन जातींचे टायर ओळीने टांगलेले. पहिला हायवेचा : बारीक खाचा, शांत, सरकारी कारकुनासारखा वक्तशीर. दुसरा ऑल-टेरेन : थोडा रांगडा, अर्धा डांबराचा, अर्धा खडीचा. तिसरा मड-टेरेन : हाताच्या मुठीएवढे रबराचे ठोकळे, हायवेवर भुंग्यासारखा घुमणारा, पेट्रोल पिणारा. डांबरावर ट्रेलर ओढायचा तर पहिला किंवा फार तर दुसरा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. भाऊजी तिसऱ्यासमोर उभे होते. त्यांचा ट्रक आजवर रस्ता सोडून गेला होता तो फक्त देवळाच्या ज्यादा पार्किंगमधल्या गवतावर, तोही स्वयंसेवकाने शिट्टी वाजवून पाठवलं म्हणून.

भाऊजींनी काउंटरवरच्या मुलाला आणखी एक विचारलं. मुलांना मॉन्स्टर जॅमचा खेळ दाखवायला नेलं होतं, तेव्हा त्यांना कळलं होतं की उड्या मारणाऱ्या त्या राक्षसी ट्रकांचे ६६ इंची टायर मुंबईच्या बीकेटीचे असतात. तेव्हापासून त्यांची छाती तेवढ्याच इंचांची झाली होती. ‘‘त्या कंपनीचे मिळतील का?’’ मुलगा अदबीने म्हणाला, ‘‘ते ट्रॅक्टरचे आणि मातीकामाच्या यंत्रांचे बनवतात, सर. तुम्ही शेती करता?’’ भाऊजी बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितात.

शेवटी गाडी एलटीवर आली. एलटी म्हणजे लाइट ट्रक. त्यातही लोड रेंज ई. याला दहा प्लाय म्हणतात. पूर्वी कापडाचे थर मोजत, आता थर तेवढे नसतात, ताकद तेवढी मानायची. त्याच मापाच्या या टायरचा भारांक १२३, म्हणजे १५५० किलो. बाजू कडक, त्यामुळे मागून ट्रेलर रेटायला लागला की टायर कमी लचकतो. झोकांड्या कमी होतात, हे खरं. भाऊजींचा चेहरा उजळला.

पण एलटी टायरची एक खोड आहे आणि ती मला फार आवडते. १५५० किलो तो पेलतो ते ८० पौंड हवेला. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा होती ३५, ती मूळच्या पॅसेंजर टायरसाठी. दांडगे टायर बसवले आणि सवयीने त्यांत ३५च भरली, तर हे दांडगे टायर मूळच्या मऊ टायरांपेक्षा कमी वजन पेलतात. महागडा पहिलवान आणायचा आणि त्याला उपाशी ठेवून कुस्तीला उतरवायचा, असे कित्येक ट्रक रस्त्यावर दिमाखात फिरतात. उलट ८० भरून रिकामाच ट्रक चालवला, तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा मणक्यांत नोंदवला जातो. कोणत्या वजनाला किती हवा, याची कोष्टकं असतात. ती कोष्टकं वाचायची म्हणजे आधी वजन ठाऊक हवं. भाऊजींनी विषय बदलला.

एवढ्यात काउंटरवरच्या मुलाने या व्यवसायातला सर्वांत अवघड प्रश्न विचारला : ‘‘पांढरी अक्षरं बाहेर की आत?’’ टायरच्या एका बाजूला कंपनीचं नाव पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत असतं, दुसऱ्या बाजूला काळ्यात. भारांक, हवा, बनावट या सगळ्यावर मिळून जेवढा वेळ गेला नव्हता, तेवढा या प्रश्नावर गेला. ताईला फोन झाला. ताई म्हणाली, ‘‘अहो, आत ठेवा, निदान ट्रकला तरी वाचता येईल.’’

टायरची हवा ही क्षुल्लक बाब नव्हे, हे अमेरिकेला महागात पडून कळलं आहे. आणि ती गोष्ट सुरू होते तीही कॅम्पिंगपासूनच. हेन्री फोर्ड, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि थॉमस एडिसन हे तिघे १९१५ ते १९२४ च्या काळात मोटारींचा ताफा घेऊन रानावनांत मुक्कामाला जात. सोबत तंबू, स्वयंपाकी आणि सामानाच्या गाड्या. १९२१ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्यात जाऊन राहिले. स्वतःला ते भटके म्हणवत. एवढ्या नोकरचाकरांत भटकणं आपल्याकडे संस्थानिकांनाच जमलं. पुढे ही मैत्री सोयरिकीपर्यंत गेली : १९४७ साली फोर्डच्या नातवाने फायरस्टोनच्या नातीशी लग्न केलं. आणि मग २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्यांवर ते टायर उकलत होते, गाड्या उलटत होत्या, अडीचशेहून अधिक माणसं गेली. फोर्ड म्हणे टायर वाईट. फायरस्टोन म्हणे गाडी वाईट, आणि त्यात तुम्ही हवा आमच्यापेक्षा चार पौंड कमी, २६च भरायला सांगता. हवा कमी, वर वजन, खाली तापलेला रस्ता, भरीला वेग : टायर आतून तापतो आणि थर सुटतात. २००१ च्या मे महिन्यात जवळपास शतकभराचा व्यवहार तुटला, तेव्हा फोर्डच्या अध्यक्षपदी त्याच लग्नातला मुलगा होता. दोन्हीकडचे पणजोबा एकत्र कॅम्पिंगला जाणारे. आपल्याकडे व्याह्यांची भांडणं मानपानावरून होतात, यांची चार पौंड हवेवरून झाली. त्या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळे आज प्रत्येक नव्या गाडीत हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो, आणि थंडीच्या पहिल्या सकाळी अख्ख्या गल्लीत तो एकदम लागतो, कारण पारा १० अंश फॅरनहाइट उतरला की साधारण एक पौंड हवा उतरते. बहुतेक लोक त्याला दिवाळीची रोषणाई समजून सोडून देतात.

असो. टायर बसले. अक्षरं बाहेर. भाऊजींचा आता असा समज झाला, की दहा प्लायचे टायर आले म्हणजे ट्रकची ताकद वाढली. पुस्तिकेत लिहिलंच होतं, हा ट्रक सुमारे ५ टन ओढतो. ट्रेलर भरून २८०० किलो. मग काळजी कसली?

पुस्तिकेतला तो आकडा ज्या प्रमाण पद्धतीने काढतात, तीत ट्रकमध्ये चालक आणि एक सोबती धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. भाऊजी ६८ किलोंचे होते, पण ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि ट्रक ओढतो किती याहून वाहतो किती हा आकडा वेगळा. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर छोट्या स्टिकरवर असतो : माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर जाता कामा नये. भाऊजींच्या ट्रकला तो ७०० होता. टायर कितीही दांडगे लावा, ते स्टिकर ऐकत नाही. कारण स्प्रिंगा, आस, ब्रेक तेच राहतात. उलट लोड रेंज ईचा प्रत्येक टायर मूळच्यापेक्षा काही किलोंनी जड. म्हणजे ताकद वाढवायला आणलेल्या टायरांनी त्या ७०० मधूनच स्वतःचं जेवण काढून घेतलं होतं.

हा हिशेब त्या घरात कुणाच्या लक्षात यावा? भाऊजींच्या आत्या उन्हाळ्यासाठी सांगलीहून आल्या होत्या. सोबत प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा, त्यांत भाजणी, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या. भाऊजी ट्रेलर भरत होते. सायकली, जनरेटर, लोखंडी टूलबॉक्स असं जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला, ‘‘म्हणजे ट्रकवर ताण नको.’’ आत्या खुर्ची टाकून बघत होत्या. त्यांचं आयुष्य उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या बघण्यात गेलेलं.

‘‘मागं जड नगं भरू पोरा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘गाडी उलाळ हुईल.’’

यात ट्रेलरचं सगळं शास्त्र आलं. वजन मागे गेलं की पुढचा दांडा वर उचलला जातो आणि शेपूट ट्रकला हलवायला लागतं. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या ढुंगणावर पडायलाच हवा, असं इथली जाणती मंडळी सांगतात. पहिल्या फेरीतली ती झोकांडी टायरांची नव्हती, तेव्हाही असंच मागे भरलेल्या सामानाची होती. भाऊजींनी निमूट सामान पुढे आणलं आणि कागद घेतला. २८०० चे १० ते १५ टक्के, मधला आकडा ३५० किलो. तो हिचमधून ट्रकवर. हिचची अवजड लोखंडी मांडणी ४०. उरले ३१०. त्यात पाच माणसं, हौद्यातला बर्फाचा खोका, कोळसा, खुर्च्या. मुलांची वजनं डॉक्टरांच्या कागदावरून घेतली. ताईने आपलं वजन खणखणीत सांगितलं. आत्या म्हणाल्या, ‘‘माझं धरूच नगं, मी हाडंच हाय.’’ भाऊजींनी स्वतःचं वजन म्हणून लायसन्स काढताना सांगितलेला आकडा धरला. तेव्हा कागदावर सगळं बसलं.

ताईला कागदाचा भरवसा नव्हता. तिने ट्रक-ट्रेलर भरल्या वजनानिशी हायवेवरच्या ट्रक थांब्यावर न्यायला लावला. तिथे अठरा चाकी ट्रकांसाठी जमिनीत काटे बसवलेले असतात : पुढचा आस एका पट्टीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. खांबावरचं बटण दाबलं की आतली बाई विचारते, पहिलं वजन की फेरवजन? मग कंपनीचं नाव आणि ट्रकचा नंबर. भाऊजी गडबडून म्हणाले, ‘‘फॅमिली.’’ मागे रांगेत लोखंडाच्या सळ्या घेऊन उभा असलेला ड्रायव्हर हातातली कॉफी पीत अत्यंत सहानुभूतीने बघत होता.

चिठ्ठी आली. ट्रकचे दोन्ही आस मिळून मर्यादेपेक्षा शंभर किलोंच्या आसपास जास्त. गंमत अशी, की मागच्या आसावर पडलेला भार जुन्या, पायमोजेवाल्या टायरांनाही दोघांत मिळून कागदोपत्री सहज पेलला असता. टायर कधीच अपुरा नव्हता. बाकीचं सगळं जास्त होतं. माणूस वजन सोडून काहीही बदलायला तयार असतो, म्हणून दुकानांच्या भिंती टायरांनी भरलेल्या असतात.

घरी उतरवाउतरव झाली. ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी केली, कारण ४० गॅलन पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि पाणी मुक्कामावरही मिळतं. जनरेटर उतरला, कारण जायचं तिथे वीज होती. डोंगरातल्या सायकली उतरल्या. डोंगरात त्या कधी गेल्या नव्हत्या. कुऱ्हाड, टोचा, चिखलातून ओढायची साखळी भरलेला टूलबॉक्स उतरला. भाजणीकडे बोट दाखवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गंमत म्हणजे उतरलेलं बहुतेक सामान मड-टेरेन टायरसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं होतं. चढलेलं सगळं संसाराचं.

निघताना आत्यांनी चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. ट्रकची चार, ट्रेलरच्या दोन आसांची चार. ८० पौंड हवेच्या लोड रेंज ईखाली लिंबाचं जे झालं, त्याला चिरडणं म्हणत नाहीत. ते ड्राइव्हवेवर छापलं गेलं.

अमॅरिलोजवळच्या पालो ड्युरो कॅन्यनमध्ये उतरणारा रस्ता १० टक्के उताराचा आहे. ट्रक न डुलता उतरला. मुलांनी हेडफोन काढले नाहीत, त्यावरून प्रवास उत्तम झाला असं समजावं. मुक्कामाच्या जागी शेजारच्या ट्रेलरभोवती सात-आठ पुरुष कोंडाळं करून उभे होते. त्या माणसाच्या ट्रकला अप्रतिम नवे टायर, पांढरी अक्षरं बाहेर. आणि ट्रेलरचा एक टायर अर्धवट बसलेला. हे नेहमीचंच आहे. लोक ट्रकचे टायर पारखून घेतात, आणि ट्रेलरला कारखान्यातून जे आले असतील त्यांवर जन्म काढतात. हे एसटी, म्हणजे ट्रेलरसाठीच बनवलेले टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या उन्हात म्हातारे होऊन मरतात. नक्षी कोरी करकरीत, आणि बाजूवरच्या चार अंकी तारखेत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, ते वाचलं की कळतं, हा टायर शेजाऱ्याच्या धाकट्या पोरापेक्षा मोठा आहे. असा टायर हायवेवर फुटला, तर जाताना मडगार्ड, वायरी आणि न्हाणीघराची नळीही सोबत नेतो.

कोंडाळ्यात चर्चा रंगली होती. एक म्हणत होता लोड रेंज कमी पडली. दुसरा म्हणत होता वेग जास्त झाला, यातले बरेच टायर ताशी ६५ मैलांसाठीच असतात. तिसरा नायट्रोजन भरायला सांगत होता. भाऊजी त्यांच्यात शिरले आणि भारांकापासून सुरुवात केली. ते इतकं सुरेख बोलत होते, की त्या माणसाने वही मागवली. शेवटी कुणीतरी विचारलं, सध्या हवा किती आहे?

सगळे एकमेकांकडे बघू लागले. हवा मोजायचं गेज एकाकडेही नव्हतं. भाऊजींकडे होतं, चांगलं महागातलं, पितळी. ते फ्रिस्कोच्या गॅरेजमध्ये, वजन कमी करण्यासाठी उतरवलेल्या टूलबॉक्सच्या वरच्याच कप्प्यात होतं.